एका घरावर तीन बोजे

२०२५ साली शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत डबा खाताना एक सहकारी म्हणाली, "माझ्या गृहकर्जाचा दर फेब्रुवारीपासून एक टक्का उतरला गं. तुझा किती आला?" रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, कमी केला होता. ६.५० वरून तो ५.५० टक्क्यांवर आला होता, हे मी बातम्यांत वाचलं होतं. पण त्याचा माझ्या घराशी संबंध लावून पाहिला नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर कर्जाचं स्टेटमेंट काढलं. दर ९.८५ टक्के. हप्ता तोच, ४४,९०० रुपये. आणि २०१३ साली वीस वर्षांसाठी घेतलेलं, म्हणजे ऑगस्ट २०३३ मध्ये संपायला हवं होतं ते कर्ज मार्च २०३४ पर्यंत गेलेलं.

तिच्या-माझ्या दरात एवढी तफावत का, हे समजायला मला दोन दिवस लागले. तिचं कर्ज सरकारी बँकेचं, २०२१ सालचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधलेली असावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला आहे. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत कर्जदाराचा दर हलतो. आमचं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं. या कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात. दर चढताना आमचा लगेच चढला होता, उतरताना मात्र जागचा हलला नव्हता.

मग दुसरीकडे कर्ज न्यायचं, इतकं सरळ वाटलं होतं. पण आमच्या घरावर एक कर्ज नव्हतं, तीन होती.

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या अलीकडे आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, आम्हा दोघांच्या नावावर. पहिलं कर्ज घर घेतानाचं, ४५ लाखांचं. दुसरं २०१८ चं, त्याच कंपनीकडून घेतलेलं ८ लाखांचं टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर घेतलेलं वाढीव कर्ज. सासऱ्यांची बायपास आणि दोन्ही बाथरूमची गळती एकाच वर्षात निघाली होती. त्याचा दर ११ टक्के. तिसरं २०२१ च्या नोव्हेंबरमधलं. माझ्या नवऱ्याचं वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे, लेथवर सुटे भाग करून देण्याचं. लॉकडाउनने कंबरडं मोडलं होतं. हातातली जुनी गिऱ्हाइकं टिकवायची तर सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घेणं भाग होतं. एका सहकारी बँकेने १५ लाख दिले, सात वर्षांसाठी, साडेबारा टक्क्यांनी, आणि तारण म्हणून आमच्या घरावर दुय्यम बोजा चढवला. दुय्यम बोजा म्हणजे उद्या घर विकून वसुली करायची वेळ आलीच, तर आधी पहिल्या कर्जवाल्याचे पैसे फिटणार आणि उरतील त्यातून दुसऱ्याचे.

कर्ज काढताना आपण त्याच्या कारणाकडे बघतो. घर, आजारपण, मशीन. तिन्ही कारणं खरी होती आणि तिन्ही वेळा दुसरा मार्ग नव्हता. पण तिन्ही आकडे एका कागदावर मी कधी मांडले नव्हते. त्या रात्री मांडले. ऑगस्टअखेर किती देणं राहील याचा हिशोब केला तेव्हा गृहकर्ज ३१.२० लाख, टॉप-अप ६.१० लाख, मशीनचं कर्ज ८.५८ लाख असं आलं. एकूण ४५.८८ लाख. बारा वर्षं हप्ते भरून आमच्या घरावर पहिल्या दिवशी होतं त्यापेक्षा जास्त कर्ज होतं. त्याखाली मी आणखी एक आकडा लिहिला, रोजच्या व्याजाचा. ८४२ अधिक १८४ अधिक २९४. दिवसाला १,३२० रुपये. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

एका सरकारी बँकेच्या शाखेत विचारणा केली. शाळेचा पगार तिथेच जमा होतो, त्यामुळे ओळख होती. तिथल्या कर्ज विभागातल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टेकओव्हर करू की. पण एक लक्षात ठेवा, आम्हाला पहिला आणि एकमेव बोजा लागतो. सहकारी बँकेचं कर्ज तिथेच ठेवून फक्त गृहकर्ज आणता येणार नाही." गृहकर्ज ७.७५ टक्क्यांनी, टॉप-अप ८.५० ने आणि मशीनचं कर्ज मालमत्ता तारण कर्ज म्हणून ९.७५ ने, अशी तीन खाती आणि एकच गहाण.

इथे हिशोबात एक खड्डा होता. बदलत्या दराचं गृहकर्ज एखाद्या व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही तो लागू आहे. त्यामुळे गृहकर्ज आणि टॉप-अप दोन्ही विनादंड सुटणार होते. मशीनचं कर्ज धंद्यासाठी घेतलेलं, त्याला ते संरक्षण नव्हतं. करारात दोन टक्के मुदतपूर्व फेडीचं शुल्क लिहिलेलं होतं. १७,१६० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून २०,२४९. (रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या बदलत्या दराच्या धंद्याच्या कर्जांनाही बऱ्याच बँकांकडून हे शुल्क माफ झालं आहे. आमचं कर्ज आधीचं.) त्या कर्जातला व्याजाचा फायदा ५५ हजारांच्या आसपास येत होता, शुल्क जाऊन हातात पस्तीसेक हजार उरत होते. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला नसता. पण ते कर्ज हलल्याशिवाय मोठं कर्ज हलत नव्हतं.

जुन्या कंपनीकडे फोरक्लोजर लेटर, म्हणजे किती भरलं की कर्ज बंद होईल ते सांगणारं पत्र, मागितलं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून फोन आला. "मॅडम, दर ८.७५ करून देतो, थोडं कन्व्हर्जन शुल्क भरा." बारा वर्षांत एकदाही न आलेला फोन, आम्ही निघतोय म्हटल्यावर आला. मला मनापासून वाईट वाटलं. इमाने इतबारे हप्ते भरणाऱ्या माणसाला आपणहून कुणी काही सांगत नाही. तरीही सांगते, घरावर एकच कर्ज असतं तर मी ते मान्य केलं असतं. एक टक्क्याहून जास्त उतार, कागद हलवायचे नाहीत, वकील नाही, स्टॅम्प ड्युटी नाही. ज्यांचं साधं एकच गृहकर्ज आहे त्यांनी आधी जुन्या ठिकाणीच दर कमी करून मागावा. आमच्या बाबतीत टॉप-अपचे ११ टक्के ते सोडायला तयार नव्हते आणि तिसरं कर्ज त्यांच्या हातात नव्हतं.

आता मुदतीविषयी. हे मला सगळ्यात जीव तोडून सांगायचं आहे.

नव्या बँकेच्या मॅडमनी सहज विचारलं, "मुदत किती ठेवू? वीस वर्षं मिळेल तुम्हाला. हप्ता पंचवीस हजार सहाशेवर येईल." ४४,९०० वरून २५,६००. माझ्या नवऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला, मी पाहिलं. वर्कशॉपचं भाडं, कारागिरांचा पगार, मुलीची इंजिनीअरिंगची फी, सगळं त्या एकोणीस हजारांत बसत होतं. आम्ही विचार करून सांगतो म्हणून बाहेर आलो. रात्री जेवणं झाल्यावर मी वही घेऊन बसले. आहे त्या कर्जात आहे त्या दराने पुढे जे व्याज भरायचं होतं ते साधारण १५.२ लाख. नवा दर, पण वीस वर्षांची मुदत, तर व्याज ३०.३ लाख. दर दोन टक्क्यांनी उतरूनही व्याज दुप्पट. आणि नवा दर घेऊन हप्ता जुनाच, ४४,९०० ठेवला, तर व्याज १०.३ लाख आणि कर्ज अकरा महिने आधी फिटतं.

वही त्याच्यापुढे सरकवली. तो बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हप्ता जुनाच ठेव." एवढंच. ते म्हणायला त्याला काय पडलं असेल ते मला माहीत आहे.

टॉप-अपचा हप्ता आम्ही होता तेवढाच ९,१०० ठेवला, ते तेरा महिने आधी संपेल. मशीनच्या कर्जाची ३९ महिने राहिलेली मुदत ३६ केली, हप्ता सातशे रुपयांनी वाढला. तिन्ही कर्जं एकात घालून एकच मोठं कर्ज करा, असाही सल्ला एका ओळखीच्या एजंटने दिला होता. आमच्या सीएंनी तो हाणून पाडला. मशीनच्या कर्जाचं व्याज धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. गृहकर्जाचं व्याज जुन्या करप्रणालीत राहत्या घरासाठी वर्षाला दोन लाखांपर्यंत वजा होतं आणि मी अजून जुन्या प्रणालीतच आहे. टॉप-अपमधला जो भाग घराच्या दुरुस्तीला लागला त्याच्या व्याजाला तीस हजारांची मर्यादा, तीही त्याच दोन लाखांच्या आत. बायपासला गेलेल्या भागाला काहीच नाही. सगळं एकत्र कालवलं की यातलं काहीच वेगळं काढून दाखवता येत नाही. शिवाय काही वर्षंच चालणाऱ्या मशीनसाठी घेतलेलं कर्ज घराच्या लांब मुदतीत मिसळलं की मशीन भंगारात जातं आणि हप्ता चालूच राहतो.

मंजुरी अवघड गेली नाही. व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत ९८ लाख धरली. तीस लाखांच्या वर आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असते, आमचं तिन्ही मिळून निम्म्याच्या आत होतं. तीन वर्षांची रिटर्न्स, वर्कशॉपची जीएसटी विवरणपत्रं, माझ्या पगाराच्या स्लिपा, सोसायटीची एनओसी. सोसायटीचे सेक्रेटरी काका एरवी एका सहीसाठी आठवडा लावतात, पण त्यांनी आदल्याच वर्षी मुलासाठी हाच व्याप केला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्र आणून दिलं.

अडलं ते वकिलांच्या सर्च रिपोर्टवर. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि लिहिलं, बोजे तीन. सेरसाईवर म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत कंपनीच्या नावाने दोन नोंदी, एक गृहकर्जाची, एक टॉप-अपची. सहकारी बँकेची तिसरी. शिवाय सहकारी बँकेचं दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं गहाणखत. मी विचारलं, नोंदणीकृत गहाणखत कशाला, कंपनीने तर असं काही केलं नव्हतं. त्यांनी समजावलं ते मला पहिल्यांदाच कळलं. मूळ कागद कर्ज देणाऱ्याकडे ठेवले की तेवढ्याने गहाण होतं. पण मूळ कागद एकाच ठिकाणी राहू शकतात. ते आधीच कंपनीच्या तिजोरीत होते. मग सहकारी बँकेने काय ठेवून घ्यायचं? म्हणून त्यांनी रीतसर गहाणखत नोंदवून घेतलं. आणि जे नोंदवून झालं ते सोडवायचं तर तसाच दस्त नोंदवावा लागतो. नुसत्या ना-देय दाखल्याने भागत नाही.

त्यापुढची अडचण एका जुन्या पत्रात होती. २०२१ मध्ये दुय्यम बोजाला परवानगी देताना कंपनीने लिहून दिलं होतं की आमचं कर्ज फिटल्यावर मूळ कागद आम्ही दुय्यम बोजाधारक बँकेकडे देऊ. त्या वेळी आम्ही ते वाचून सही केली होती, अर्थ डोक्यात शिरला नव्हता. आता नवी बँक म्हणाली, कागद आमच्याकडे येणार याची लेखी हमी असल्याशिवाय आम्ही पैसे सोडणार नाही. कंपनी म्हणाली, सहकारी बँकेची हरकत नसल्याचं पत्र आणा. सहकारी बँक म्हणाली, आधी पैसे जमा होऊ देत, मग पत्र देतो. पैसे नव्या बँकेकडे. गोल पूर्ण झाला.

या गोलात आमचा जवळजवळ महिना गेला. जुलै-ऑगस्टचा पाऊस, घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने तुंबलेली वाहतूक, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल छातीशी धरून शाळा सुटल्यावर मी तीन हात नाका गाठायची आणि कुणीतरी म्हणायचं, साहेब आज जागेवर नाहीत. एका संध्याकाळी बसमध्ये उभी असताना मला रडू आलं. पैसे भरायला तयार असलेल्या माणसाला पैसे भरता येत नाहीत, ही गोष्ट कुणालाच अन्यायाची वाटत नव्हती.

मार्ग सुचवला तो सहकारी बँकेच्याच मॅनेजर साहेबांनी. वयस्क गृहस्थ, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. ते म्हणाले, "ना-देय दाखला मी आज देऊ शकत नाही, खोटं होईल. पण पैसे आल्यावर काय करणार, हे आज लिहून देऊ शकतो. कर्ज समितीपुढे ठेवतो." आणि त्यांनी मलाच मसुदा करायला बसवलं. मी शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं स्वच्छ तीन वाक्यांत लिहिलं. अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत जमा झाल्यास आमचे कर्ज पूर्ण फिटेल. रक्कम जमा होईल त्याच दिवशी बँक ना-देय दाखला देईल व त्यानंतर पंधरा दिवसांत गहाणमुक्तीचा दस्त नोंदवून देईल. मूळ कागदपत्रे थेट नव्या बँकेकडे सुपूर्द करण्यास आमची हरकत नाही. त्यांनी 'अमुक रक्कम' पुढे 'अधिक रोजचे व्याज २९४ रुपये' असं स्वतःच्या हाताने घातलं. पैसे एक दिवस उशिरा आले तरी पत्र बाद होऊ नये म्हणून.

हे पत्र गणपतीच्या आदल्या आठवड्यात हातात पडलं आणि बाकीची दोन्ही कुलुपं त्यानेच उघडली. ज्यांच्या घरावर दुसरा बोजा आहे त्यांनी पहिल्या दिवशीच या पत्राच्या मागे लागावं. आम्ही ते शेवटी केलं.

दरम्यान कंपनीकडून त्यांच्या ताब्यातल्या कागदांची यादी आली होती. अकरा कागद. २०१३ मध्ये त्यांनी दिलेली पोच मी जपून ठेवली होती, ती शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. दस्त नोंदणीची मूळ पावती यादीत नव्हती. शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, यादीत नाही म्हणजे आमच्याकडे आलीच नसेल." मी पोच पुढे केली, त्यावर त्यांचाच शिक्का. तो गप्प झाला. दोन दिवस शोधाशोध झाली. शेवटी माझ्याच लक्षात आलं की टॉप-अपचा खाते क्रमांक वेगळा आहे, मग त्याची फाइलही वेगळी असणार. त्या खात्याची यादी मागितली. त्यात दोनच कागद होते, टॉप-अपचा करार आणि आमची नोंदणी पावती. २०१८ मध्ये कुणीतरी तपासायला काढली असेल आणि परत जागेवर गेली नसेल. मी पोच टाकून दिली असती तर ती पावती कंपनीकडे दिली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आली असती.

पैसे सुटण्याचा दिवस ठरला १६ सप्टेंबर, मंगळवार. पितृपक्ष चालू होता. मला वाटलं होतं सासूबाई आक्षेप घेतील. त्या म्हणाल्या, "देणं फेडायला कसला आलाय पितृपक्ष? पितरांना बरंच वाटेल." सकाळी साडेदहाला सहकारी बँकेचे पैसे आरटीजीएसने गेले. मी रजा टाकून तिथेच बसले होते. बाराच्या सुमारास जमा झाल्याचं दिसलं, साहेबांनी दाखल्यावर सही केली, मी त्याचा फोटो नव्या बँकेच्या मॅडमना पाठवला आणि मगच त्यांनी कंपनीचे दोन्ही खात्यांचे पैसे सोडले. हा क्रम आम्ही आधी कागदावर लिहून तिघांनाही दिला होता. गहाणमुक्तीचा दस्त २५ तारखेला नोंदवला.

नव्या कर्जाचं व्याज १६ तारखेपासूनच सुरू झालं. पण दोन्ही जुन्या खात्यांचा हप्ता ५ ऑक्टोबरला पुन्हा खात्यातून वळता झाला, ५४ हजार रुपये. कर्ज बंद झालेलं, हप्ता कापण्याची परवानगी रद्द करण्याचा अर्ज दिलेला, तरीही. पाच दिवसांनी नव्या बँकेचे हप्ते होते. माझ्या आवर्ती ठेवीची रक्कम नेमकी तेव्हाच हाती आली म्हणून निभावलं. ते ५४ हजार परत यायला २७ ऑक्टोबर उजाडला. तोवर दिवाळी होऊन गेली होती. कर्ज हलवताना एका महिन्याच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवायलाच हवी.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, उशीर कर्ज देणाऱ्याच्या चुकीने झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मी तो कंपनीला लिहिलेल्या प्रत्येक ईमेलमध्ये घातला. बाविसाव्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, बोलावणं आलं. नव्या बँकेचा एक तरुण अधिकारी आणि आम्ही दोघं गेलो.

एका लांबट टेबलावर त्यांनी दोन खाकी पाकिटं उघडली. करारनामा बारा वर्षांनी पाहत होतो. कडेची पिन गंजून पहिल्या पानावर तपकिरी डाग पडला होता. अधिकाऱ्याने बोटाला स्पंजचं पाणी लावून पानं मोजली, प्रत्येक पानावरचा नोंदणी कार्यालयाचा क्रमांक आणि एकूण पानांचा आकडा पाहिला. मग इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा गोषवारा, नोंदणी पावती, बिल्डरचं ताबापत्र, पैसे मिळाल्याच्या पावत्या, सोसायटीचं भागपत्र. करारनाम्याच्या शेवटी अंगठ्यांचे ठसे आणि फोटो. आमच्या दोघांचे, आणि साक्षीदार म्हणून सासऱ्यांचा. ते गेल्याला आता चार वर्षं झाली. त्यांची सही थरथरती नव्हती, ठसठशीत होती. नवऱ्याने त्या सहीवर बोट ठेवलं आणि काही बोलला नाही. अधिकारी मुलगा समजूतदार निघाला, दोन मिनिटं दुसरीकडे बघत थांबला.

तिथूनच थेट नव्या बँकेत जाऊन कागद दिले. पोच घेतली, त्यावर प्रत्येक कागद वेगळ्या ओळीत लिहून मागितला आणि पानांची संख्याही. मंजूर ४६ लाखांवर ०.३ टक्के, म्हणजे १३,८०० रुपये स्टॅम्प ड्युटी भरली. गहाण झाल्यापासून तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकांकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, दाखल करावी लागते, ती त्याच आठवड्यात ऑनलाइन केली. प्रोसेसिंग फी बँकेने त्या वेळी माफ केली होती. वकील, व्हॅल्युअर, दस्त नोंदणी, मुदतपूर्व शुल्क सगळं धरून खर्च पंचेचाळीस हजारांच्या आसपास. दर आहेत तसेच राहिले तर मुदत संपेपर्यंत खर्च वजा जाता सहा लाख वाचतील.

मॅडमनी कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा घ्या म्हणून आग्रह धरला, तो हप्ता कर्जातच घालून देणार होत्या. आम्ही नम्रपणे नको म्हटलं. नवऱ्याच्या नावाने स्वतंत्र टर्म विमा आहे, तो ५० लाखांचा, म्हणजे सगळ्या देण्याला पुरतो. पुढे कर्ज पुन्हा हलवलं तरी तो आमच्याकडेच राहील.

डिसेंबरमध्ये शाळेला नाताळची सुट्टी लागली तेव्हा मी स्वतः सेरसाईच्या संकेतस्थळावर जाऊन, किरकोळ फी भरून आमच्या फ्लॅटचा शोध घेतला. नव्या बँकेची नोंद होती. सहकारी बँकेची गेली होती. कंपनीची गृहकर्जाची नोंद गेली होती. टॉप-अपची मात्र तशीच, जिवंत. पैसे फेडून तीन महिने होऊन गेले होते. पुन्हा ईमेल, पुन्हा फोन, यावेळी थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना, दोन्ही खात्यांचे क्रमांक आणि ना-देय दाखले जोडून. बारा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. मी पुन्हा शोध घेतला, पान उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली. त्याने चष्मा लावला, खाली-वर पाहिलं.

"एकच?"

"एकच," मी म्हटलं. त्या पानाची प्रिंट काढून जूनमधल्या त्या कागदाला टाचून ठेवली.